नऊ मैलांवरची पेशंट

"अबेबाची आज तिसरी अपॉइंटमेंट चुकली. आता आपल्या यादीतून तिचं नाव काढायचं. नियम मी केलेला नाही, सुमनताई."

"पण नाव काढल्याच्या पत्रावर सही तुमची ना!" रिसेप्शनवरची सुमन उसळली. "तिला सातवा लागलाय. आसरा मागायला या देशात आली, तर सरकारनं ठेवली नऊ मैलांवर, एअरफोर्सच्या जुन्या बराकीत. बस दिवसातून एक, तीही दुपारी. आणि तुम्ही वेळ देता सकाळी नऊची! उडत येईल?"

"यायचं असतं तर आली असती," डॉ. ज्ञानेश्वर म्हणाले.

अंबरीशकाका त्यांच्या एजवेअर उपनगरातल्या पोरांना ही गोष्ट सांगतात तेव्हा कुणाला दिवा मालवू देत नाहीत. डॉक्टर त्यांचे सख्खे मावसभाऊ. बर्मिंगहॅमपलीकडचं छोटं गाव, मंगळवार, नऊ डिसेंबर २००३. "पत्र मीच देतो नेऊन," म्हणत डॉक्टर संध्याकाळी साडेपाचला गाडीत बसले. बाहेर मिट्ट काळोख.

रस्त्याला ना फुटपाथ, ना दिवे. पाचेक मैलांवर समोरून एक बाई चालत आली. एका हातानं पोट सावरत. पाऊस नव्हता, तरी चिंब भिजलेली.

डॉक्टरांनी काच खाली केली. "अबेबा?"

तिनं मान डोलावली. "अपॉइंटमेंट..."

"दवाखाना बंद झाला आता. बसा, परत सोडतो."

"अपॉइंटमेंट."

डॉक्टरांना लाज वाटली. तिला मागे बसवलं, गाडी गावाकडे वळवली. हीटर पूर्ण सोडला. तरी गारठा. आरशात बघवेना.

दवाखान्याच्या दाराशी सुमन उभी होती. डोळे लाल.

"बराकीतून फोन आला होता. अबेबा पहाटेच चालत निघाली होती, आपल्याकडेच यायला. लॉरीनं उडवलं. दुपारी सापडली, कडेच्या चरात, पाण्यात... गेली."

"काहीतरीच काय! मी आत्ता आणलंय तिला."

"कुठंय?"

डॉक्टर वळले. मागची सीट रिकामी. दार वाजलं नव्हतं.

"भास..." ते पुटपुटले. मग आवाज चढला. "सकाळपासून तुम्ही कान खाताय, म्हणून! ती आपल्याकडेच निघाली होती कशावरून? गेली असेल दुसरीकडे कुठे तरी!"

सुमननं मागचं दार उघडलं. आत वाकली.

मग म्हणाली, "सीटबेल्ट लावलेला आहे, डॉक्टर, आणि आत कुणी नसताना पोटाला जागा सोडून तसाच फुगून राहिलाय."