खालच्या डेकवरचं आमंत्रण

अंजू, दार लोटून घे जरा. यतिन स्वयंपाकघरात आहे, त्याला ऐकू जायला नको.

आम्ही आलो ते मयूराचं सामान पोचवायला, तुला माहीतच आहे. पोरगी इथे होबार्टला युनीत शिकतेय, आणि कुकरपासून गादीपर्यंत सगळं समुद्रापलीकडे, आमच्या टार्निटच्या घरी. म्हटलं, बोटीनं गाडीच घेऊन जाऊ. नेहमीची मोठी बोट दुरुस्तीला गेलेली, म्हणून एक जुनी कॅटमरॅन बोट काढली होती. एके काळी म्हणे वाऱ्यासारखी पळायची, नंतर कित्येक वर्षं धक्क्याला बांधून पडलेली. आत पाऊल टाकलं तर डिझेलचा वास, आणि त्याखाली आणखी एक... बंद पडलेल्या फ्रिजचा येतो ना, तसा.

भर दुपार होती गं. पण सामुद्रधुनीत शिरलो आणि लाटांनी खिडक्या पांढऱ्या करून टाकल्या. बाहेरचं काही दिसेना. लोक पिशव्या तोंडाशी धरून बसलेले. खाली गाड्यांचे अलार्म वाजायला लागले, एक थांबला की दुसरा. आणि आमचे हे महाशय! डबा उघडून धपाटे खातायत.

एक बाई समोर येऊन उभी राहिली. साठीची असेल. साडीवर कार्डिगन, आणि साडीचा काठ ओलाचिंब. डब्याकडे बघत होती. यतिनची सवय तुला ठाऊक आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा आग्रह करेल. म्हणाला, "या जेवायला!"

आता आपल्यात यावर काय म्हणतात? "होऊ द्या सावकाश," आणि पुढे जातात. ही बसली. त्याच्या अगदी शेजारी. धपाट्याला हात नाही लावला, नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "आता तुम्ही या... आमच्याकडे."

"येऊ की! नक्की येऊ," हा म्हणाला. "कुठे असता?"

तिनं बोट खाली केलं. "इथेच... खाली."

खाली फक्त गाड्या. प्रवासात तिथे कुणाला सोडत नाहीत, दाराला कुलूप असतं. मी यतिनला कोपरानं ढोसलं. "कुणालाही काय हो म्हणतोस रे?" वळून बघते तर बाई नाही. सीट ओली.

कप गोळा करणाऱ्या मुलीला मी विचारलं, ती साडीवाली बाई कुठे गेली. तिचा चेहराच उतरला. इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "घरी बोलावलं का तिनं? ...तुम्ही हो नाही ना म्हणालात?"

मी यतिनकडे वळले. तो जागेवर नव्हता.

जिन्याखाली, लोखंडी दारापाशी त्याचे बूट दिसले. कुणाकडे गेल्यावर काढून ठेवतो तसे, जोडीनं. आणि दाराला कुलूप, अंजू! मी दार बडवलं, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. त्या मुलीनं किल्ली आणली. आत तो दोन गाड्यांच्या मध्ये मांडी घालून बसला होता. अलार्म सगळे गप्प. जमीन कोरडी ठणठणीत, त्याचे मोजे मात्र ठिबकत होते.

"जाऊन आलो," म्हणाला. "चांगली माणसं आहेत गं. पुष्कळ जण आहेत."

मी त्याला मिठी मारून रडले. अंग गार पडलं होतं त्याचं. अजून तसंच आहे, हीटरपुढे बसवते तरी.

रविवारी त्याच बोटीनं परत जायचंय. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते. म्हटलं, गाडी राहू दे, विमानानं जाऊ. तर म्हणतो, "असं कसं? मी तिघांचं सांगून आलोय." जन्मात चहा न केलेला माणूस सकाळपासून नारळाच्या वड्या थापतोय. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणे.

मी त्याला बजावलं होतं, काय वाटेल ते कर, पण मयूराला यात ओढू नकोस. त्यानं नाही सांगितलं तिला, खरंच नाही.

तू यायच्या जरा आधी ती युनीतून आली. गरम वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "नो वरीज, आई. रविवारचं मी त्या काकूंना हो म्हटलंय. आत्ता खाली गेटपाशी भेटल्या."