साडेदहाचा फुलोरा

"माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही कराल का?"

राहीनं विचारलं आणि जीभ चावली. समोरच्या माणसाला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पीकशास्त्रज्ञ संघाच्या अध्यक्षपदाचे अर्ज बारापर्यंतच घेणार होते, सूचक दुसऱ्या संशोधन केंद्रातला हवा होता, आणि ही बया सकाळपासून नुसती व्हरांड्यात घुटमळत होती. शेवटी तिच्या भात केंद्रातल्या मैना आणि मालन यांनी पैजच लावली, पायरी चढून जो पहिला येईल त्याला विचारायचं. पहिला आला तो हा. काखेत छत्री, आणि तरी नखशिखांत भिजलेला!

त्यानं अर्ज सावकाश वाचला. सही केली. महिपत शिर्के, आंबा संशोधन केंद्र. मग खिशातून दुसरा ओलसर कागद काढला.

"आता माझा भरतो. मीही अध्यक्षपदालाच उभा आहे."

खांबाआडून खुदखुद ऐकू आली. राहीचे कान तापले. "मग माझ्यावर सही कशाला केलीत?"

"समोर कुणी नसताना निवडून येण्यात काय मजा…"

पुढचा दीड महिना दोघं प्रचाराला एकाच एस.टी.नं हिंडले. आंबेवाल्यांना काय, झाड लावलं की पंधरा वर्षं झोपायला मोकळे, असं ती म्हणायची. भाताची माणसं दर वर्षी पहिलीपासून शिकतात, असं तो म्हणायचा. पालीला गाडी थांबली की तो न विचारता दोन चहा आणायचा, आणि राही खिडकीकडे तोंड करून हसायची… म्हणजे त्याला दिसू नये म्हणून. पण काचेत सगळं दिसायचं हो!

घरी मात्र चेष्टा नव्हती. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, रावजींनी, निक्षून सांगितलं होतं. निवडून आलीस तर खुशाल कर नोकरी. पडलीस, तर दिवाळीनंतर मुंबईचं स्थळ आणि चिखलातली कामं बंद.

निवडणूक सप्टेंबरअखेरीला आली. चार दिवस पाऊस, आणि नेमकं त्या सकाळी लख्ख ऊन! भाताचं फूल साडेदहाच्या सुमाराला उघडतं नि तासाभरात मिटतं. खाऱ्या जमिनीत तगेल अशा भाताचा संकर राहीनं मांडला होता. आदल्या संध्याकाळी एका लोंबीतले पुंकेसर चिमट्यानं काढून तिनं कागदी पिशवी चढवली होती, आणि पराग देणाऱ्या रोपावरही आता एकच लोंबी फुलायची उरली होती. आज चुकलं की वर्ष गेलं. आणि भाषणंही साडेदहालाच!

तिनं वेळ बदलून मागितली. मिळाली नाही. उमेदवार नसेल तर त्याच्या वतीनं सूचकानं बोलायचं, हा नियम.

सूचक कोण, तर महिपत. तिनं भाषणाचा कागद त्याच्या हातात कोंबला, एकदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि शेताकडे धावली. पराग झटकताना हात स्थिर होते. मन मात्र सभेत होतं. तो नीट वाचेल? का वाचेल?

एक वाजता ती गुडघाभर चिखलानं परत आली, तर मैना तिच्या गळ्यातच पडली. महिपतनं स्वतःसाठी दोन मिनिटं घेतली आणि राहीसाठी पंधरा. वर सभेला सांगितलं की ती आत्ता कुठे आहे आणि का.

मतमोजणी झाली. राही सात मतांनी निवडून आली. ती मट्कन पायरीवर बसली. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला तिनं!

महिपत शेजारी येऊन बसला.

"वाईट वाचलं असतंत तर?" तिनं विचारलं.

"प्रयत्न केला. जमलं नाही."

"आणि मत कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं." तो हातातली छत्री उगाच फिरवत राहिला. "राही… प्रचार संपला. उद्यापासून एस.टी.त तुम्ही नसणार. ते—ते मला चालणार नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग चिखलाचा हात तसाच त्याच्या हातावर ठेवला. "मलाही," ती म्हणाली.

संध्याकाळी आबा ओटीवर सुपारी कातरत होते. आनंदीबाई आतूनच विचारत होत्या, काय झालं गो बाय? राहीनं आईला हाताला धरून बाहेर आणलं, दोघांसमोर उभी राहिली.

"आबा, आये, मी निवडून आले. नोकरी करणार आहे. आणि लग्न महिपत शिर्क्यांशी करणार आहे, ते रविवारी भेटायला येतायत. तारीख मात्र कापणी उरकल्यावरची धरा… तोवर मला सवड नाही."