अंगणातला पोल

शेंद्र्याच्या अलीकडं, शेतात माझं घर आहे. लाईट होती, पण शेजारच्या पुंडलिककडून ओढलेल्या वायरीवर. माझा बल्ब लागला की तो बांधावरून विचारायचा, "कडूबा, झोपला नाय का अजून?" म्हणून मी स्वतःचा पोल मागितला होता.

एका दुपारी लाईट कंपनीच्या सर्व्हेच्या मेघाबाई आल्या. ड्रोननं आधीच सगळ्या शिवाराचे फोटो काढले होते आणि त्यातले पोल कंप्युटरनं ओळखले होते.

"बाबा, तुमच्या अंगणात पोल आहे. दुसरा मिळायचा नाही."

मी अंगण दाखवलं. तुळस, बाज, कोंबड्या.

त्यांनी टॅबवर फोटो दाखवला. वरून पोल ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून कंप्युटर तो सावलीवरून ओळखतो म्हणे. फोटोत लांब सावली पडली होती. दोन्ही बाजूंना कोपरं निघालेली. बुडाशी मात्र कोणीच नव्हतं, नुसती सारवलेली जमीन.

असं कमरेवर हात ठेवून एकच बाई उभी राहायची.

"आमची पारू आहे ती," मी म्हणालो.

"कुठं असतात?"

"दिवाळीच्या आधी वारली."

वारा पडला. कोंबड्या गप्प झाल्या. चूल सकाळीच विझली होती, तरी धुराचा वास आला.

"वहिनी असतील तर पोल हालायचा नाय," पुंडलिक कुंपणातून हळू आवाजात म्हणाला. "जित्या होत्या तवा कुणाला हालल्या का?"

मेघाबाईंनी टॅबवरची पोलची खूण पुसली. ती परत उमटली. पुन्हा पुसली, पुन्हा उमटली.

"बाबा... तुम्हीच सांगून बघा."

मी अंगणाकडं बघून म्हणालो, "पारू, जरा सरक. बाई ताटकळल्यात. अन् ह्या पुंडलिकचं किती दिवस ऐकून घ्यायचं?"

ऊन कललं तसं मेघाबाईंनी ड्रोन पुन्हा वर सोडलं. आम्ही तिघं कडुलिंबाखाली थांबलो. नवा फोटो आला. सावली भिंतीकडं सरकली होती, अंगणातली पोलची खूण गेली होती.

"झालं बाबा, तुमचा पोल मंजूर," मेघाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. सावलीला खेटून आणखी एक सावली होती. डोक्यावर फेटा, पाठीत वाक.

"काय म्हणतो कंप्युटर?" मी विचारलं.

"जुना पोल... वाकलाय. लवकर काढावा लागेल."

"तारीख देतो का?"

"नाही..."

फेटा घालणारा तिथं मी एकटाच, आणि मी तर झाडाखाली होतो. मी हळूच पाठ सरळ केली.

फोटोतली सावली सरळ झाली. पारूचा एक हात आता कमरेवर नव्हता, माझ्या सावलीच्या पाठीवर होता.