एका मावशीचे दोन वर्ग

इस्त्रीवाल्या मावशींनी टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बोट ठेवलं आणि वाचलं, “का... ळ... जी!”

ओढणी इस्त्रीला टाकायला आलेली ती बघतच राहिली. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळून ती संध्याकाळी शाळेत सरकारचा प्रौढ साक्षरता वर्ग घ्यायची, आणि मावशी तिच्याच वर्गातल्या. पण ‘ळ’ तर अजून शिकवायचा होता!

“मावशी, हे कुठे शिकलात?”

“यांच्याकडे. सकाळी.”

यांच्याकडे म्हणजे शर्ट न्यायला आलेल्या चष्म्याच्या दुकानातल्या तरुणाकडे. तो रोज सकाळी पलीकडच्या सभागृहात तसाच वर्ग घ्यायचा.

“माझं माणूस पळवलंत तुम्ही!” ती म्हणाली.

“मी? मला वाटलं, तुम्हीच पळवलंत.” तो हसला, आणि तिचं रागवायचं राहूनच गेलं.

“भांडता कशाला?” मावशी म्हणाल्या. “जन्मात कुणी शिकवलं नाही. आता दोघं मागे लागलात, तर लागा की!”

साक्षरता कार्यालयातल्या साहेबांना मात्र हे चालेना. एक नाव एकाच हजेरीपटावर हवं, आणि पट पुरेसा भरला नाही तर वर्ग बंद. दोघांचेही पट अगदी काठावर. मावशी जिकडे जातील तो वर्ग टिकणार, दुसरा गुंडाळावा लागणार. ती दिवसभर गोळ्या विकायची ती पोटासाठी; तिचा जीव सगळा त्या वर्गात होता.

मग रोज मावशींच्या दुकानात दोघांची जुंपायची.

“मावशींना सोडा ना.”

“तुम्ही सोडा.”

“मुळीच नाही!”

“बरं... मग उद्या परत भांडू?”

“उद्या मला वेळ नाही,” ती ठणकावून सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच ओढणी घेऊन हजर. त्याला यायला उशीर झाला की रस्त्याकडे बघत बसायची. जिंकायचंय की भांडत राहायचंय, तिचं तिलाच कळेना.

एक दिवस साहेबांनी सांगितलं की त्याने स्वतःच मावशींचं नाव आपल्या पटावरून काढलंय. त्याचा वर्ग बंद. तिने खरं तर आनंदाने उडी मारायला हवी होती. पण तिला राग आला, रडूही आलं, आणि ती तरातरा चष्म्याच्या दुकानात शिरली.

“दया आली होय माझी?”

तो काच पुसत होता. पुसतच राहिला.

“दया कसली? माझा वर्ग बंद पडला तर मी माझी माणसं घेऊन तुमच्या वर्गात येऊ शकतो. तुमचा बंद पडला असता, तर तुम्ही... माझ्याकडे आला असतात?”

तिने खरंच विचार केला.

“नसते आले.”

“म्हणून.”

तिचे कान गरम झाले.

“मग आज कशा आलात?” त्याने हळूच विचारलं. “नजर तर चांगली आहे तुमची.”

“माहीत नाही,” ती म्हणाली. दारापर्यंत गेली... आणि परत फिरली. “म्हणजे... माहीत आहे. मला तुम्ही आवडता. पण मला अजून रागसुद्धा आलाय!”

“मलाही तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “राग संध्याकाळी काढा. वर्गात येतोच आहे.”