पहिला श्वास बाईंचा

चाचणीच्या टाकीतलं पाणी हललं आणि मंदाकिनी रेगे यांनी डोकं वर काढलं. तोंडातला, सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारा रेग्युलेटर हातात घेऊन त्या म्हणाल्या, "उत्तम चालतोय. अगदी अलगद हवा येते."

"काल याच रेग्युलेटरनं केशरचा जीव घेतला असता," डॉ. उपेंद्र खोत म्हणाला.

मालवणजवळच्या सागरतळ शेती केंद्राचा तो संचालक. केंद्राची देखभालशाळा रेगेबाईंनी उभारली होती आणि उपेंद्र त्यांच्याच हाताखाली शिकला होता. काल समुद्रतळाशी काम करताना शैवाल वाढवायच्या दोरांत केशर तांडेलचा पाय अडकला. ती धडपडली, जोरजोरात श्वास ओढू लागली आणि हवा येईना. जोडीदारानं दोर कापून वर ओढलं, म्हणून ती आज टाकीच्या काठावर बसली होती.

"यंत्रावरच्या चाचणीत श्वासाच्या ओढीला नेहमीच्या तिप्पट विरोध आला," उपेंद्र म्हणाला. "वार्षिक देखभाल तुमच्या हातची, बाई. जोडणीत चूक झाली, असंच केंद्राच्या संचालक मंडळाला सांगावं लागेल."

बाईंनी केशरकडे पाहिलं. आपल्या हातून ही पोर मेली असती? सर्व्हिसिंगला काढून टाकलेल्या रबरी कड्या केशर लहानपणी अंगठ्या म्हणून दहाही बोटांत घालून मिरवायची. तेव्हा दरवर्षी सगळं रबर बदलायचं, पितळी भाग व्हिनेगरमध्ये बुडवून हिरवा थर काढायचा. शाळेत त्या व्हिनेगरचा आणि ग्रीसचा वास भरून राहिलेला असे. आणि एक रीत होती. ज्यानं रेग्युलेटर जोडला, त्यानंच टाकीत उतरून त्यातून पहिला श्वास घ्यायचा. दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं ते आधी आपल्या तोंडात. पहिल्या दिवशी उपेंद्रच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि ठसकत ठसकतच तो हसला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यानंच वर्षानुवर्षं टिकणारं नवं पटल आणलं. श्वास ओढला की हे पटल आत खेचलं जातं आणि हवेची झडप उघडते. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जोडणी कुणीही करो, पहिला श्वास बाईंचाच." टाळ्या पडल्या होत्या. बाईंचे डोळे भरून आले होते.

"बाई, तुमची चूक असेल असं मला नाही वाटत," केशर घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण आत काहीतरी आडवं येत होतं. जितकं जोरात ओढावं तितकं घट्ट."

"हळू ओढून पाहिलंस?"

"मरताना हळू कोण ओढतं, बाई?"

बाईंनी रेग्युलेटर तिच्यापुढे धरला. "काल घेत होतीस तसा श्वास घे."

केशरनं तो तोंडात धरून जोरात ओढलं. तिचे गाल आत गेले, डोळे विस्फारले. तिनं तो झटकन काढला आणि खोकत राहिली. बाईंनी तोच रेग्युलेटर आपल्या तोंडात घेतला. हवा सहज आली.

"उपेंद्र, हे पटल कशाचं आहे?"

"आम्ही त्याला ओळखपटल म्हणतो. नवं असताना त्याचे रेणू मोकळे असतात. पहिले काही श्वास जसे येतील तशी त्यांची मांडणी होते आणि तीच कायम राहते. पुढं तशा ओढीला ते मऊ लागतं. वेगळी ओढ आली की ताठ होतं."

"आणि पहिले श्वास माझे."

"तुमच्याइतका संथ श्वास या किनाऱ्यावर कुणाचा नाही. पटल तुमच्या श्वासावर बसलं की पाणबुड्यालाही तसाच घ्यावा लागतो. चार दिवसांत सवय होते. एका सिलिंडरमध्ये दीडपट काम होतं. केंद्र त्यावरच चाललंय, बाई."

"आम्ही म्हणायचो," केशर हळूच म्हणाली, "बाईंच्या हाताखाली मासासुद्धा बेतानं श्वास घेईल."

"घाबरलेल्या माणसानं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"पाण्यात घाबरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं." त्याचा आवाज मऊ झाला. "तुमचं वय झालं, बाई. हा श्वास तुमच्याबरोबरच संपला असता. मी तो जपला."

"आणि चूकही माझ्याच नावावर जपलीस."

"कुणाची तरी असावी लागते. तुम्ही तशाही निवृत्तच होणार आहात."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "केशर, दुपारची बोट थांबव. एकालाही पाण्यात उतरू देऊ नकोस. सांग, बाईंनी सांगितलंय."

केशर अनवाणीच पळाली.

"उगाच बाऊ करताय," उपेंद्र चिडून म्हणाला. "धोका असता तर मी स्वतः वापरलं असतं का? माझ्या रेग्युलेटरलाही हेच पटल आहे. दर आठवड्याला खाली जातो मी."

त्याचा रेग्युलेटर खुंटीवर टांगलेला होता. बाईंनी टाकीबाहेर येऊन तो काढला, सिलिंडरला जोडला, झडप उघडली. अंगठ्यानं त्याची रबरी मुखनळी पुसताना त्यांना आठवलं की या तीन वर्षांत तो त्यांच्या हाती एकदाही आला नव्हता.

"हा माझ्याकडं पहिल्या श्वासाला कधी आणलास रे?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून पहिला श्वास मीच..." उपेंद्र बोलता बोलता थांबला.

बाईंनी मुखनळी दातांत धरली, आणि आयुष्यभर घेत आल्या होत्या तसा संथ श्वास ओढला.

हवा आली नाही.