चालतं दार आणि एकेचाळिसावा माणूस

भर दुपारी एक दार रस्त्यानं चाललं होतं. त्याला पुढे एक विद्यार्थी होता, मागे एक होता. पण सात फुटी दार आडवं धरून माणसं गर्दीत घुसली की बघणाऱ्याला दार तेवढं दिसतं, माणसं दिसत नाहीत. आणि हे दार चालवणाऱ्या तरुणीला तर प्रबंधात हेच लिहायचं होतं.

ती बोधविज्ञानात पीएच.डी. करत होती, म्हणजे माणसाचं डोकं कसं चालतं त्याचं शास्त्र. सकाळी एम.ए.च्या वर्गाला शिकवायची आणि दुपारी त्याच वर्गाला दार उचलायला लावायची. प्रयोग साधा होता. रस्त्यातल्या कुणालाही ती विचारायची, "ग्रंथालय कुठं हो?" तो सांगू लागला की दोघांच्या मधून दार जायचं. दाराआडून ती निसटायची आणि तिच्या जागी तिची मैत्रीण उभी राहायची. सांगणारा आपला सांगतच, "...मग डावीकडे वळा." चाळीस जण झाले, एकालाही बाई बदलल्याचा पत्ता नाही! एक वकील तर मैत्रिणीला निरोप देताना म्हणाला, "माझ्या नजरेतून काही सुटत नाही बरं."

एकेचाळिसावा मात्र बोलता बोलता थबकला.

"अहो— ते बूट कुठं चालले?"

आणि सुटला की दारामागे! विद्यार्थी घाबरून पळाले, दार पळालं, दाराआडून तीही पळाली. दोन चौक ओलांडले, तीन सायकली आडव्या झाल्या, एक झोपलेलं कुत्रं उठून शर्यतीत सामील झालं. शेवटी दार एका खांबाला अडलं, तेव्हा कुठे वरात थांबली.

तो धापा टाकत तिच्या पायांकडे बघत राहिला. "डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलीय. त्या दुसऱ्या बाईंची शाबूत आहे."

"तुम्हाला... टाच दिसली?"

"बूट शिवतो मी. कोपऱ्यावर दुकान आहे." मान खालीच. "आणा कधीतरी. टाच."

तिनं आणली. मग पुन्हा आणली. तिसऱ्यांदा आणली तेव्हा गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या कडाडली, "महिन्यात तीनदा? पोरी, चालतेस की घासतेस?"

घासायचीच ती. दर रविवारी, जिन्याच्या पायरीवर, दार लावून.

"काय दारवाली, आज काय दुखतंय?" तो हातातल्या बुटाला विचारायचा.

"टाच."

"आणि?"

"आणखी जरा वरती दुखतं..."

"वरचं शिवता येत नाही मला."

"बघून तरी सांगा की!"

त्याचे कान लाल व्हायचे, दोरा तुटायचा, पण नजर काही बुटाच्या वर चढायची नाही. माझा चेहरा याला ठाऊक तरी आहे का, असं तिला वाटायचं आणि घरी परतताना टाच न घासताच झिजायची.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. चार वर्षांच्या कष्टांचं सार तिनं एका वाक्यात मांडलं होतं: जिथे जीव गुंतलेला असतो, तिथेच नजर जागी असते. पुरावा म्हणाल तर एकच, क्रमांक एकेचाळीस. बूटवाल्याचा जीव बुटांत, म्हणून त्याला बूट दिसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना विद्यार्थी पाठीमागे शंकासुर म्हणत. त्यांनी चष्मा पुसला. "जीव कसला? ही तर हाताची सवय. तुम्हा दोघींना सारखे बूट घालू, बोलवा त्याला. बाकीच्या चाळीस जणांसारखाच तोही फसेल. मग हा प्रबंध परत न्या, बाई, आणि पुन्हा लिहा."

प्रबंध तर जाईलच. पण शेजारी दुसरी बाई उभी राहिली तरी त्याला कळणार नाही... हे मात्र तिला बघवणार नव्हतं.

दोघींना सारखे कोरे बूट, सारखे पांढरे कोट. एका कागदावर सही राहिलीय, असं सांगून त्याला बोलावलं. परीक्षक तिच्या गाईड बाईंसह काचेपलीकडे बसले. तिनं कागद पुढे केला, "पेन आणते" म्हणाली आणि कपाटाआड गेली. कपाटाआडून पेन घेऊन मैत्रीण बाहेर आली.

त्यानं पेन घेतलं. बूट पाहिले. सही करायला वाकला...

कपाटाआड तिनं डोळे मिटून घेतले.

...आणि त्यानं पेन खाली ठेवलं. मान वर केली.

"दारवाली कुठाय?"

शंकासुर काचेचं दार ढकलून आत आले. "बूट तर तेच आहेत! मग ओळखलंत कशावरून?"

"चेहऱ्यावरून."

"पण तुम्ही तर बूट बघता!"

"बूट बघतो, कारण वर बघायची छाती होत नाही, साहेब." त्याचे कान पेटले होते. "पहिल्या दिवशी, दार मध्ये यायच्या आधी... एकदा बघितलं होतं. मग त्या गेल्या. आता भर रस्त्यात 'तो चेहरा कुठं गेला' असं कसं ओरडायचं? म्हणून बुटांचं नाव घेतलं."

"पण चेहराच का लक्षात राहिला?" शंकासुर सोडायला तयार नव्हते. "काही कारण?"

"कारण काय... जीव गुंतला, आणखी काय!"

काचेपलीकडे गाईड बाई खुदकन हसल्या, आणि कपाटाआडून एक हुंदका की हसू ऐकू आलं. ती बाहेर आली, तेव्हा तो थेट तिच्या डोळ्यांत बघत होता.

शंकासुरांनी पुन्हा चष्मा पुसला. या खेपेला जरा जास्तच वेळ.

"प्रबंध मान्य. एक दुरुस्ती करा. क्रमांक एकेचाळीसपुढचा 'बूट' खोडा आणि 'चेहरा' लिहा." दाराशी जाऊन ते वळले. हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पण लक्षात ठेवा, डॉक्टरीणबाई, तुमचा नमुना एकच आहे."

"मला एकच पुरे आहे, सर," ती म्हणाली, आणि त्यानं खाली ठेवलेलं पेन उचलून तिथल्या तिथे दुरुस्ती करून टाकली.