ग्रहाला वाचा फुटते

गेली होती ती साबणाच्या जाहिरातीला आवाज द्यायला. चुकून शेजारच्या दारात शिरली आणि अंतराळयान होऊन बसली. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मानही वर न करता माइकपुढच्या कागदांकडे बोट दाखवलं. घोळ लक्षात येईपर्यंत खरी यानबाई पलीकडे साबणावर हुंदके देऊन मोकळी झाली होती, आणि साबणवाले बेहद्द खूश होते. मग अदलाबदल तशीच राहिली.

सिनेमा अजबच. एकुलता एक अंतराळवीर पहिल्या दहा मिनिटांत गोठून मरतो. उरलेले दोन तास त्याचं यान एका ग्रहाच्या प्रेमात पडून त्याच्याभोवती घिरट्या घालतं, बोलत राहतं. ग्रह हूं की चूं करत नाही.

तिला हे सगळं पाठच होतं. घरी ती फ्रिजशी बोलायची. ताईचा फोन रविवारी, तोही "जेवलीस का" एवढ्यापुरता.

इथे मात्र हेडफोनमधून रेकॉर्डिस्टचा आवाज थेट कानात यायचा — "पुन्हा एकदा... जरा हळू." एकदा त्याने विचारलं, यानाला सर्दी झालीय का. ग्रहच इतका थंड आहे, यान काय करणार, असं ती म्हणाली, तर काचेपलीकडे त्याचे कान लाल.

पाचव्या दिवशी शेवटचं वाक्य उरलं — "तू आहेस ना?" ते झालं की संपलंच. म्हणून ती मुद्दाम अडखळली. मग नीट म्हणाली, तरी तो पुन्हा घ्यायला लावू लागला. चौदा टेक झाले. तिने हेडफोन काढून माइकजवळ आपटला.

"तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

हेडफोनमधून बारीक आवाज आला, "नीट म्हणालात तो पहिलाच टेक बरोबर होता... पण तुम्ही गेलात की... मलाही घरी बोलायला कोणी नाही हो."

तिने हेडफोन उचलून पुन्हा कानाला लावला. म्हणाली, "उद्या या माझ्याकडे. फ्रिजशी ओळख करून देते."

या भरात रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं, हेडफोनमधला त्याचा आवाजही माइकने टिपला, आणि संकलकाला वाटलं, ग्रहाचाच संवाद असणार. हे दोघांना कळलं ते थेट थिएटरात. प्रेक्षक मोजून सात. यानाने विचारलं, "तू आहेस ना?" आणि दोन तास मुका असलेला ग्रह खरखरत बोलला, "मलाही घरी बोलायला कोणी नाही हो."

त्याने तोंड लपवलं... नोकरी गेलीच. तिने त्याचा हात घट्ट धरला. कोणीच हसलं नाही. मागच्या रांगेत एकटेच बसलेले टकलू काका नाक शिंकरून पडद्यावरच्या यानाला म्हणाले,

"उतर गं बाई आता."